ती आधीच गेली नव्हती

‘वहिनी तर कधीच गेल्या होत्या हो. आता नुसता देह सुटला.’

ज्या घरातलं माणूस स्मृतिभ्रंशाने जातं, त्या घराला हे वाक्य चुकत नाही. शिवमंदिराच्या स्मशानात कुणी खांद्यावर हात ठेवून म्हणतं, दहाव्याला कुणी म्हणतं, पुढे महिन्या-दोन महिन्यांनी फडके रोडवर भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत कुणी म्हणतं. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. भेटायला आलेल्या माणसाने काहीतरी बोलायचं, आपण मान हलवायची आणि चहा पुढे करायचा, इतका तो साधा व्यवहार आहे. माझ्या पत्नीच्या वेळी मी तो पाळला. सुतकातल्या माणसाने हुज्जत घालू नये, एवढं मला कळतं.

पण डोंबिवलीतल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात अलीकडे एका समुपदेशकांचं व्याख्यान झालं आणि तेच वाक्य तिथे सिद्धान्त होऊन आलं. त्यांची मांडणी अशी : डिमेन्शियात माणूस थोडा थोडा करून जात असतो, म्हणून जोडीदाराचा शोकही थोडा थोडा करून आधीच उरकत असतो. प्रत्यक्ष मृत्यूच्या वेळी रडण्यासारखं फारसं शिल्लक राहत नाही. राहते ती सुटका, आणि तिच्याबद्दल अपराधी वाटून घेण्याचं कारण नाही. ज्यांच्या घरी आज पेशंट आहे त्यांनी मनाची निरवानिरव आत्तापासून सुरू करावी, म्हणजे पुढे सोपं जाईल. टाळ्या चांगल्या पडल्या. वक्ते सज्जन होते, तयारीने आले होते, आणि अपराधी वाटू नये हे त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. बाकीचं चूक आहे असं माझं मत आहे. त्यातल्या शेवटच्या सल्ल्याने तर जिवंत माणसांचं नुकसान होतं, म्हणून हे लिहायला बसलो.

मी डॉक्टर नाही. मध्य रेल्वेत बुकिंग क्लार्क होतो. ही कल्याणच्या एका शाळेत शिकवायची. निवृत्तीनंतर हिला अल्झायमर झाला, बरीच वर्षं चालला, शेवटी शेवटी ही अंथरुणालाच होती. सगळं घरीच केलं, नर्सिंग ब्यूरोच्या मावशींच्या मदतीने.

सुटकेचं आधी सांगून टाकतो. ही गेल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत मी जितका झोपलो, तितका त्याआधी कित्येक वर्षांत झोपलो नव्हतो. रात्री दोनला उठून कूस बदलायची नव्हती, एअर बेडचा पंप चालू आहे ना ते चाचपायचं नव्हतं, सकाळी सातला ब्यूरोचा ‘आज बाई येणार नाही, बदली बघतो’ हा फोन यायचा नव्हता. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

समुपदेशकांच्या बाजूने पुरावाही आहे, तो लपवून वाद जिंकण्यात अर्थ नाही. २००३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड शुल्झ आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या रुग्णांची सेवा करून मग त्यांना गमावलेल्या २१७ नातेवाइकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ७२ टक्के लोकांनी हा मृत्यू आपल्यासाठी सुटका होती असं सांगितलं. नैराश्याची लक्षणं तीन महिन्यांत बरीच उतरली आणि वर्षभरात आणखी खाली आली. व्याख्यानात सांगितलं गेलं ते इथपर्यंत.

याच संशोधकांनी २००६ मध्ये पुढचा लेख लिहिला, तो मात्र व्याख्यानात नव्हता. सेवा करून मागे राहिलेल्यांपैकी सुमारे २० टक्के लोकांचा शोक उतरलाच नव्हता. वैद्यकाने दखल घ्यावी इतका तो चिघळला होता. कोणाचा चिघळला? ज्यांच्या अंगावर सेवेचा भार जास्त पडला होता, जे आधीपासूनच खचलेले होते, ज्यांना त्या सेवेत काही गोडवाही सापडला होता, आणि ज्यांच्या माणसाची बुद्धी अधिक गेलेली होती त्यांचा. हे शेवटचं पुन्हा वाचावं. माणूस ‘आधीच गेलेला’ असल्याने शोक आधीच उरकत असेल, तर ज्याचं माणूस जास्त गेलं होतं त्याचा शोक कमी भरायला हवा. भरला उलटा. समुपदेशकांच्या हिशेबात दुःख म्हणजे गृहकर्ज आहे : एकदाच ठरलेली रक्कम, मुदतीआधी हप्ते भरत गेलं की शेवटी बोजा नाही. दुःखाची अशी ठरलेली रक्कम नसते. आजारात जे भोगलं ते आजाराचं दुःख होतं. मरणाचं दुःख मरणानंतर येतं, आणि ते येताना आधीची पावती मागत नाही.

मग तो २००३ चा दिलासा खोटा का? अजिबात नाही. थकवा गेला की माणसाला बरं वाटतं. झोप मिळाली, पाठ दुखायची थांबली, याला मानसशास्त्राच्या तक्त्यात नैराश्य उतरलं असं म्हणतात, म्हणू देत. त्यावरून बायको आपल्याला नकोशी झाली होती किंवा ती आधीच नव्हती असा अर्थ काढायला तक्ता सांगत नाही. तो आपण काढतो.

आता मूळ प्रश्न : खरंच ती गेली होती का?

या आजाराच्या पहिल्या कागदापासून सुरुवात करू. १९०१ साली, म्हणजे ठाण्याचं मनोरुग्णालय सुरू झालं त्याच साली, फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची पन्नाशीची बाई दाखल झाली. तिला तपासणारे डॉक्टर होते अलॉइस अल्झायमर. ती १९०६ च्या एप्रिलमध्ये वारली, नोव्हेंबरमध्ये ट्युबिंगेनच्या परिषदेत अल्झायमर यांनी तिच्या मेंदूबद्दल सांगितलं, १९१० मध्ये मानसोपचारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं. मी स्वतःला हरवून बसले आहे अशा अर्थाचं ती बोलल्याची नोंद तिच्या कागदपत्रांत आहे. ‘माणूस आधीच जातो’ म्हणणारे हीच नोंद पुरावा म्हणून दाखवतात. मला ती नेमकी उलट्या बाजूची वाटते. हरवल्याचं जिला कळतंय आणि ते डॉक्टरांना सांगावंसं वाटतंय, ती बाई खोलीत हजर आहे.

तिचा नवरा कार्ल हा रेल्वेत कारकून होता. हे वाचलं तेव्हा मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. आजाराची सुरुवातच नवऱ्यावर संशय घेण्यापासून झाली होती. पुढे इस्पितळाचा खर्च त्याला झेपेना, तिला स्वस्त ठिकाणी हलवता येईल का असं तो विचारत राहिला. वैद्यकाच्या इतिहासात कार्ल डेटरचं काम इतकंच : दाखल करणारा आणि पैशांची कुरकुर करणारा. पाच वर्षांनी बायको गेल्यावर त्या कारकुनाचं काय झालं, हे कुणाला नोंदवावंसं वाटलं नाही. तोच प्रघात आजतागायत चालू आहे.

आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये केलेला एक प्रयोग इथे सांगायला हवा. अल्झायमरच्या १७ रुग्णांना त्यांनी आधी दुःखाचे आणि मग आनंदाचे चित्रपटांतले तुकडे दाखवले. थोड्या वेळाने विचारलं तर काय पाहिलं ते त्यांना जेमतेम आठवत होतं, काहींना तर काहीच नाही. पण दुःख आणि आनंद मात्र अर्ध्या तासापर्यंत मनात रेंगाळत होते. ज्यांना गोष्ट कमी आठवत होती त्यांच्यात दुःख जास्त वेळ टिकलं. म्हणजे पुतण्या येऊन हिच्या उशाशी बसून ‘काकूंना आता काय कळतंय’ असं मोठ्याने म्हणून गेला, आणि नंतर ही तिन्हीसांजेपर्यंत कण्हत राहिली, तर त्या कण्हण्याला कारण होतं. कारण तिला सांगता येत नव्हतं, इतकंच.

आणि एक माझ्या घरातलं. मे १९७४ चा रेल्वे संप. जॉर्ज फर्नांडिस ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष होते. २ मेला त्यांना अटक झाली, ८ मेला संप सुरू झाला, २७ मेला मागे घेतला गेला. हजारो लोक तुरुंगात गेले, नोकऱ्या गेल्या, बायकामुलांना क्वार्टरमधून बाहेर काढलं गेलं. मी तेव्हा कल्याणला होतो, नवीन लग्न झालेलं. पकडायला रात्री पोलीस येत, म्हणून आम्ही तरुण पोरं घरी झोपत नव्हतो. ही एकटी दाराला कडी लावून बसायची आणि ‘गावाला गेलेत’ म्हणून सांगायची. पुढे चाळीस वर्षं या गोष्टीचा आमच्यात उल्लेख विनोदापुरता.

आजार वाढल्यावर संध्याकाळ झाली की ही उठून दाराला कडी लावू लागली. माझ्याकडे बघून दबक्या आवाजात म्हणायची, ‘आवाज करू नका, खाली पोलीस आलेत.’ मी कोण ते तिला ठाऊक नव्हतं. कुणी बरा शेजारी असावा अशा बेताने ती माझ्याशी बोलायची. आणि जेवताना अर्धी पोळी काढून कपाटात साड्यांच्या घडीत ठेवायची, ‘हे रात्री येतील तेव्हा खातील.’ साड्यांना तेलाचे डाग पडले, मुंग्या लागल्या. सूनबाई वैतागायची, तिचं बरोबर होतं. पण मला कुणी सांगावं, ही बाई कुठे गेली होती? ती मे १९७४ मध्ये होती आणि मला वाचवत होती. माझा चेहरा विसरली होती, पण मला पोळी ठेवायची असते हे विसरली नव्हती. हा नुसता मेंदूतल्या जुन्या वाटांचा खेळ आहे, असं एखादे डॉक्टर म्हणतील. असेल. लग्नही बरंचसं मेंदूतल्या जुन्या वाटांवरच चालतं.

जॉर्जचं नाव आलंच आहे तर त्यांचंही बोलू, कारण आम्हा रेल्वेवाल्यांच्या तोंडी हा सिद्धान्त मी पहिल्यांदा त्यांच्याच बाबतीत ऐकला. १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना हरवणारा, एका हाकेवर देशातल्या गाड्या थांबवणारा हा माणूस पार्किन्सन आणि अल्झायमरने घरात बंद झाला. २०१० मध्ये, दोन दशकांहून अधिक काळ वेगळ्या राहिलेल्या त्यांच्या पत्नी लैला कबीर परत आल्या आणि त्यांनी सांभाळ हातात घेतला. जॉर्जचे भाऊ आणि जुन्या सहकारी जया जेटली यांना त्यांची भेट घेऊ देण्यावरून वाद पेटला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि २०१२ मध्ये जेटली यांना ठरावीक अंतराने भेटायची मुभा सर्वोच्च न्यायालयाने दिली. कल्याणला आमच्या निवृत्तांच्या बैठकीत तेव्हा एकच सूर होता : ‘त्यांना काही कळत नाही, मग ही माणसं भांडतात कशाला?’ मला वाटतं, त्या भांडणातली सगळी माणसं, एकमेकांच्या कितीही विरोधात असली तरी, आमच्या बैठकीपेक्षा शहाणी होती. त्या वादाला इतर पदरही असतील, पण भेटू द्या ही मागणी भेटीचीच होती. रिकाम्या खोलीला भेट द्यायला कुणी सर्वोच्च न्यायालयात जात नाही. २९ जानेवारी २०१९ ला जॉर्ज गेले तेव्हा पुन्हा तेच कानावर आलं : ‘ते तर केव्हाच गेले होते.’

शेवटच्या टप्प्याचं काय, असं विचारलं जाईल. पोळ्या लपवणारी बाई ठीक, पण जी बोलत नाही, उठत नाही, नळीने जेवते तिचं काय? त्या दिवसांबद्दल मी मोठे दावे करत नाही. पण एक घडलं ते सांगतो. हिने खाणं सोडलं, घास तोंडाशी नेला की ओरडायची, हात उगारायची. नातेवाईक म्हणाले आता शेवट आला. तपासायला आलेले डॉक्टरही, बिचारे सभ्यपणे, ‘या स्टेजला असं होतंच, नळी घालू’ म्हणाले. मावशींनी मात्र पाहिलं होतं की ही उजव्या गालावर हात ठेवते. एका दंतवैद्यांना घरी येण्याची विनंती केली. दाढ किडून आत पू झाला होता. दाढ काढली, आणि आठवड्याभरात ही मऊ भात खाऊ लागली. पुढे बरेच दिवस नळीची गरज पडली नाही.

सांत्वनाच्या त्या वाक्याची किंमत ही अशी मोजावी लागते. मेल्यानंतर ते निरुपद्रवी वाटतं, पण घरांमध्ये ते जिवंतपणीच म्हटलं जातं. एकदा ‘आधीच गेली’ ठरलं की तिला दाढ दुखू शकते हे सुचत नाही. चष्म्याचा नंबर बदलला असेल, कानात मळ असेल, डायपर घट्ट बसत असेल, खोलीत ऊन येत असेल, काही म्हणजे काही सुचत नाही. प्रत्येक ओरडण्याला ‘आजार’ हे एकच उत्तर असतं. मग भेटायला येणं थांबतं, तिच्याशी बोलणं थांबतं, तिच्यासमोर तिच्या अंत्यसंस्काराच्या गोष्टी सुरू होतात. भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाखांना डिमेन्शिया आहे असा लासी-डॅड या राष्ट्रीय पाहणीचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या इमारतींत यातली किती दारं असतील त्याचा विचार करावा. त्या दारांआड बसलेल्यांना ‘आत्तापासून शोक सुरू करा’ असं सांगणं म्हणजे आत असलेल्या माणसाला वेळेआधी बाहेर काढणं आहे.

विचित्र गोष्ट अशी की सरकारने हा सिद्धान्त कधीच मानला नाही. ही पेन्शनर. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला. बाकी सगळं गाव हिला गेलेली धरून चालत असताना सरकार मात्र वर्षातून एकदा विचारायचं, बाई आहेत ना? आधी बँकेत नेऊन सही, मग सही येईना म्हणून अंगठा, मग मोबाइलवर चेहरा दाखवून. फोन म्हणतो डोळ्यांची उघडझाप करा. ही फोनकडे टक लावून बघत बसायची. मावशी समोर उभ्या राहून स्वतः डोळे मिचकवायच्या आणि हिला हसू यायचं, की उघडझाप होऊन जायची.

कायद्याची दुसरी बाजू तितकी गमतीची नाही. हिच्या खात्यातून पैसे काढायचे तर एका बँकेने पालकत्वाचा आदेश मागितला. १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी पालक नेमतो. त्यात डिमेन्शिया नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा उपचारासाठी प्रतिनिधी देतो, मालमत्तेसाठी नाही. मग वाट उरते उच्च न्यायालयाची. इतक्या वर्षांचा नवरा असणं पुरत नाही. मृत्यूचा दाखला आणल्यावर त्याच खात्याचं काम किती झपाट्याने झालं! नामनिर्देशन होतं ना. तेवढ्यापुरतं कुणी ‘सुटका’ म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

मावशींचं नाव मी देत नाही, त्यांना आवडणार नाही. पण त्यांच्याबद्दल थोडं लिहिल्याशिवाय हा वाद पुरा होत नाही. त्या दिव्याहून यायच्या, सकाळी आठ ते रात्री आठ. हिची शाळेतली ओळख त्यांना नव्हती. ही कशी शिकवायची, वर्गावर कशी धाक ठेवून होती, काही त्यांनी पाहिलेलं नव्हतं. म्हणजे ‘जी गेली’ असं आम्ही म्हणत होतो ती त्यांना ठाऊकच नव्हती. त्यांच्या ओळखीची जी होती, ती पूर्ण होती. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ चित्रपटात स्मृती गेलेले संस्कृतचे पंडित हत्तीमागे जातात आणि माहुताच्या घरी पोचतात. मोहन आगाशे यांनी केलेला तो पंडित तिथे कुणाच्या ओळखीचा नसतो, म्हणूनच माहुताची बायको त्याला आहे तसा घेते. अमृता सुभाष यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आमच्याकडे पुरस्कार वगैरे काही नव्हतं. ही गेली त्या दिवशी मावशी स्वयंपाकघरात बसून रडल्या आणि दोन दिवसांनी ब्यूरोने त्यांना दुसऱ्या ड्युटीवर पाठवलं. शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा शोकाबद्दल पुस्तक लिहिलं, ज्याला समाज शोक म्हणून मान्यताच देत नाही. दहाव्याच्या पंगतीत मावशींना कुणी बोलावलं नव्हतं. मी बोलावलं, तर एका नातेवाइकाने मला बाजूला घेऊन ‘ब्यूरोचं बिल राहिलंय का?’ असं विचारलं.

पॉलिन बॉस या अमेरिकन अभ्यासक बाईंबद्दल मला आदर आहे. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या बायकांपासून त्यांचं काम सुरू झालं. माणूस धड गेलेलंही नाही आणि धड आहेही नाही अशा स्थितीतला शोक किती अवघड असतो हे त्यांनी जगाला समजावलं, १९९९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. डिमेन्शियाला त्या शरीराने हजर आणि मनाने गैरहजर अशा खात्यात टाकतात. आमच्या समुपदेशकांनी हीच विभागणी पुढे नेली. माझं भांडण त्या ‘मनाने गैरहजर’शी आहे. वैमानिकाच्या बायकोला नवरा कुठे आहे ते ठाऊक नसतं. मला ही कुठे आहे ते रोज ठाऊक होतं. कधी १९७४ मध्ये, कधी शाळेत, कधी दुखऱ्या दाढेपाशी. तिथे पोचणं अवघड होतं हे खरं, पण अवघड आणि अशक्य यांत फरक असतो.

पुरुष म्हणून मला या प्रकरणात जे मिळालं तेही लिहायला हवं. मी हिचे केस विंचरले, मालिश केली, डायपर बदलले, म्हणून इमारतीत मी देवमाणूस ठरलो. आमच्याच इमारतीत एक बाई याच आजारातल्या नवऱ्याचं तेच सगळं माझ्याआधीपासून करत होत्या. त्यांना कुणी देवी म्हटल्याचं मी ऐकलं नाही. ते बायकोचं कामच. त्यांचे यजमान गेले तेव्हा एकाच बैठकीत एक बाई ‘सुटलीस गं’ म्हणाली आणि दुसरीने त्यांचं मंगळसूत्र उतरवायला हात पुढे केला. आता मला सांगा, नवरा आधीच गेला होता तर कुंकूही आधीच का नाही पुसलं? तेव्हा तो जिवंत होता, तिने जागायचं होतं, औषधं द्यायची होती, त्याच्या नावाचं कुंकू लावायचं होतं. रडण्याचा हक्क द्यायची वेळ आली की तो आधीच गेलेला, आणि वैधव्य लादायची वेळ आली की नुकताच गेलेला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ ला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात राज्य शासनाने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. हेरवाडच्या लोकांना माझा नमस्कार. सुशिक्षित, नाटकवेड्या, दिवाळी पहाटेला रस्ते भरून टाकणाऱ्या डोंबिवलीत तो ठराव यायला अजून वेळ आहे असं दिसतं.

हिच्या शोकसभेला तिचे विद्यार्थी आले. खूप छान बोलले. बाईंचं शुद्धलेखन, बाईंचा आवाज, बाईंनी घरी बोलावून दिलेला खाऊ. शेवटच्या वर्षांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, सभ्यपणा म्हणून. नंतर एका स्नेह्यांनी सल्ला दिला, ‘आजारपणातले फोटो काढून टाका, जशा होत्या तशा लक्षात ठेवा.’ पण तीही तशी होतीच की! आजारपणात ही लाल पेन घेऊन बसायची आणि हाताला लागेल त्या कागदावर बरोबरच्या खुणा करायची. महावितरणच्या बिलावर, दुधाच्या हिशेबावर, लग्नपत्रिकांवर. अक्षरं कळत नव्हती, पण समोर आलेल्याला नापास करायचं नाही असं तिचं ठरलेलं असावं. शाळेत असताना ती फार कडक होती. ही उदार बाई मला तिच्या आजारात भेटली आणि ती गेली त्याचं दुःख मला त्या कडक बाईच्या दुःखापेक्षा वेगळं होतं. दोघींसाठी मी आजही रडतो. समुपदेशकांच्या हिशेबात एकीचं दुःख फिटलेलं आहे आणि दुसरी मोजलेलीच नाही.

त्या व्याख्यानानंतर एक बाई जिन्यात भेटल्या. ठाण्याहून आल्या होत्या, यजमानांचं निदान याच वर्षी झालंय. वहीत सगळं उतरवून घेतलं होतं, शोकाची सुरुवात आत्तापासून करावी हेसुद्धा. मी विचारलं, सध्या कसे आहेत? म्हणाल्या, तारखा चुकतात, एकदा तलावपाळीला फिरायला गेले तर घरचा रस्ता सापडेना, पण पोहे केले की अजून कढईपाशी येऊन उभे राहतात, कोथिंबीर कमी आहे म्हणतात. मी त्यांना म्हटलं, वहीतली ती ओळ खोडा, आणि उद्या सकाळी पोहे करा. कोथिंबीर कमीच घाला.